हलू नका

नगरच्या तोफखाना भागात राधाकृष्ण येमूल यांचा फोटो स्टुडिओ होता. त्याची ख्याती फोटो घेण्यापेक्षा घेतलेल्या फोटोवर पुढे जे काम होई त्याबद्दल अधिक होती. लग्नात नवरदेवाचे डोळे मिटलेले आले, तर येमूल ते उघडीत. मुलीच्या गालावरचे देवीचे व्रण स्थळाकडे पाठवायच्या फोटोत उरत नसत. नवरा वारल्यावर एखाद्या बाईच्या ध्यानात येई की आपल्या दोघांचा मिळून असा फोटोच नाही. ती दोघांचे वेगवेगळे फोटो घेऊन येई आणि आठवड्याने एकाच बाकावर नवऱ्याशेजारी बसून घरी जाई. यात काही खोटे आहे असे येमूलांना वाटत नसे. ती दोघे नवरा-बायको होतीच. एका बाकावर बसायचे तेवढे राहून गेले होते.

हे काम ते काचेच्या निगेटिव्हवर करीत. निगेटिव्हमध्ये सगळे उलटे असते. पांढरे धोतर काचेवर दाट काळे उमटते आणि काळा कोट जवळजवळ पारदर्शक राहतो. त्यामुळे फोटोतली काळी गोष्ट घालवायची, तर काचेवरची तेवढी जागा पेन्सिलीने भरावी लागे. आणि पांढरी गोष्ट घालवायची, तर काचेवरचा थर सुरीने खरवडावा लागे. पेन्सिल टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसता येते. खरवडलेले परत येत नाही. म्हणून येमूल पेन्सिल सढळ हाताने चालवीत, आणि सुरी घेण्यापूर्वी उठून तोंड धुऊन येत.

एकोणीसशे बहात्तरच्या जानेवारीत त्यांना पहिले सरकारी काम मिळाले. पाथर्डीच्या बाजूला एका ओढ्यावर तलाव व्हायचा होता आणि दरेवस्ती नावाची बारा घरांची वस्ती त्याच्या पाण्याखाली जाणार होती. ज्या घरात वहिवाट असेल, त्या घराच्या मालकाला नव्या गावठाणात जागा मिळायची होती. जे घर ओसाड असेल, त्याच्या मालकाला मिळायची नव्हती. घर कोणत्या रकान्यात घालायचे हे साहेब कचेरीत बसून फोटोवरून ठरवणार होते.

काम येमूलांकडेच येण्याला कारण होते. वस्तीतली दोन्हीकडची घरे एका अरुंद बोळीवर उघडत होती. साध्या भिंगाने त्या बोळीतून घर टिपले, तर दार आले असते आणि दोन्ही बाजूंच्या भिंती बाहेर राहिल्या असत्या. येमूलांजवळ रुंद कोनाचे भिंग होते. लष्करी कॅम्पातल्या जुन्या सामानाच्या एका विक्रीत त्यांनी ते घेतले होते आणि तोवर दोनदाच वापरले होते. नगरात तसे दुसरे भिंग कोणाजवळ असल्याचे ऐकिवात नव्हते.

कचेरीतले कारकून श्रीमंत कातोरे यांनी त्यांना दोन अटी समजावून सांगितल्या. घराचा सबंध दर्शनी भाग एकाच फोटोत यावा, ही पहिली. फोटोत माणूस किंवा जनावर असू नये, ही दुसरी. दुसऱ्या अटीला इतिहास होता. मागे एका गावात प्रत्येक घरापुढे सारे गाव नवे कपडे घालून उभे राहिले होते आणि फोटो आल्यावर साहेबांना एकही घर दिसले नव्हते.

येमूल एस.टी.ने फाट्यावर उतरले, तेव्हा एक माणूस त्यांची वाट पाहत उभा होता. वय पन्नाशीचे, एक गुडघा आखडलेला, अंगात पांढरी बंडी, खाली स्वच्छ धुतलेले पांढरे धोतर, डोक्याला तसेच पांढरे पागोटे आणि खांद्यावर काळी घोंगडी. त्याने आपले नाव सहादेव असे सांगितले, कॅमेऱ्याचे तिकाटणे न विचारता खांद्यावर घेतले आणि लंगडत पुढे चालू लागला.

वस्तीत दुसरे कोणी नव्हते. दसरा झाल्यावर सगळी घरे बैलगाड्या जुंपून कोपरगावकडे ऊस तोडायला गेली होती आणि चैत्राशिवाय परतणार नव्हती. जाताना त्यांनी दारांच्या फळ्या बिजागऱ्यांतून उचकटून ठेवल्या होत्या, कारण सगळ्या घरात चोरण्याजोगे लाकूड तेवढेच असे. बाकीच्या अकरा घरांच्या फळ्या सहादेवाच्या घरात एकावर एक रचलेल्या होत्या. मोकळ्या दारांत कमरेपर्यंत दगड आणि वर बाभळीच्या काट्या कोंबल्या होत्या. नगरहून आलेल्या माणसाला ही घरे दहा वर्षांपूर्वी सोडून दिलेली वाटली असती. येमूलांना तशीच वाटली. अंगणे झाडलेली होती, हे त्यांच्या नजरेस आले. त्यावर त्यांनी विचार केला नाही. त्यांनी सहादेवाला सहज विचारले की ही घरे कधीपासून रिकामी आहेत.

"रिकामी कुठं हायती?" सहादेव म्हणाला. "मी हाय की."

मग त्याने आपले काम सांगितले. तीन वर्षांमागे उसाची गाडी गुडघ्यावरून गेल्यापासून राखणीला तोच मागे राहत होता. तो रोज ओळीने एकेका घरापुढे जाऊन अंगण झाडी आणि घटकाभर ओट्यावर बसे. ज्याच्या घरी बसायचे त्याच्या घरचे काही बोलणे आठवावे, अशी त्याची रीत होती. घराला आपल्याला टाकून दिले असे वाटू नये, म्हणून हे करायचे असते. बायको राहीबाई आणि दोन्ही मुले कोपरगावलाच होती. येमूलांनी हे सौजन्याने ऐकून घेतले आणि तिकाटणे कुठे ठेवायचे ते दाखवले.

रुंद भिंगाचा एक दोष त्यांना अजून पुरता ठाऊक नव्हता. काळ्या कापडाखाली डोके घालून मागच्या धुरकट काचेवर पाहिले की मध्ये चित्र उजळ दिसे आणि कडांना अंधार असे. त्या अंधारात काय आहे ते भिंगाला दिसे, माणसाला दिसत नसे. पहिल्या घरापुढे त्यांनी सहादेवाला जरा बाजूला व्हायला सांगितले. सहादेव निघाला. तो आखडल्या पायाने चार-पाच पावले गेला असेल, इतक्यात येमूलांनी काच सरकवली, भिंगाच्या टोपणाला हात घातला आणि बावीस वर्षांच्या सवयीने म्हणाले, "हलू नका."

समोर एक घर होते. ते हलण्याचा संभव नव्हता. पण स्टुडिओत टोपण उचलताना हे शब्द तोंडातून जात, तसे ते इथेही गेले. सहादेव होता तिथे थांबला, भिंगाकडे वळला, पागोटे सारखे केले आणि दोन्ही हात पोटाशी धरून ताठ उभा राहिला. येमूलांची नजर मनगटावरच्या घड्याळावर होती. चार सेकंदांनी त्यांनी टोपण बसवले.

असे अकरा घरांपुढे झाले. प्रत्येक वेळी सहादेवाला बाजूला व्हायला सांगितले गेले आणि प्रत्येक वेळी तो पुरेसा बाजूला होण्यापूर्वी त्याला हलू नका असेही सांगितले गेले. त्याने दोन्ही आज्ञा पाळल्या.

बारावे घर त्याचे स्वतःचे होते. तिथे तो म्हणाला की तुम्ही फोटो घ्या, मी चहा टाकतो, आणि आत गेला. येमूलांनी बारावी काच वापरली. मग दोघांनी ओट्यावर बसून गुळाचा बिनदुधाचा चहा घेतला. सहादेवाने आपल्या बाजूने एकच चौकशी केली: फोटोत एवढ्या लांबचा माणूस ओळखू येतो का? येमूल म्हणाले की न हलता उभा राहिला तर नक्की येतो. सहादेवाला समाधान वाटलेले दिसले.

काचा धुतल्यावर येमूलांच्या लक्षात घोटाळा आला. अकरा काचांवर कडेला एकच माणूस ताठ उभा होता. काही काचांवर भिंगाच्या ओढीने तो थोडा रुंद झाला होता, पण हललेला कुठेच नव्हता. अट स्पष्ट होती. पुन्हा पाथर्डीपर्यंत जाऊन बारा घरे टिपण्याची येमूलांची तयारी नव्हती, आणि तशी गरज त्यांना कधी पडतही नसे. त्यांनी काचांवर औषधाचा पातळ हात दिला आणि कामाला बसले. चेहरा, हात आणि काळी घोंगडी त्यांनी पेन्सिलीने भरून मागच्या मातीच्या भिंतीत मिसळून टाकली. पागोटे, बंडी आणि धोतर सुरीने खरवडले. एका काचेला एक सकाळ लागली. बाराव्या काचेवर माणूस नव्हता, पण छपराच्या वर, कडुनिंबाच्या काळ्या पानांवर, फोटोत फिकट दिसेल असा एक डाग होता. औषधाचा ओघळ असावा असे समजून त्यांनी तोही खरवडला.

फोटोंना रंग देण्याचे आणि बारीक ठिपके भरण्याचे काम त्यांची पत्नी पुष्पावती करी. ती मागून येऊन काचा एकेक उजेडात धरून पाहत होती.

"एकाच माणसाला अकरा वेळा पुसायला," ती म्हणाली, "त्यानं तुमचं केलं तरी काय होतं?"

येमूल म्हणाले की त्याने चहा दिला होता.

काचांसह दिलेले फोटो कचेरीत पसंत पडले. माणूस नाही, जनावर नाही आणि सबंध घर, असे फोटो साहेब प्रथमच पाहत होते. पुढच्या हंगामात आणखी चार गावांचे काम निघणार आहे आणि ते येमूलांनाच मिळेल, असे कातोरे आपणहून म्हणाले.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सहादेव स्टुडिओत आला. पागोटे आणि धोतर तेच होते, घोंगडीही तीच. त्याने बंडीच्या खिशातून घडी केलेला कागद काढून पुढे केला. चावडीवर लागलेल्या यादीची ती नक्कल होती. दरेवस्तीची बाराही घरे ओसाड ठरली होती. शेरा होता: छायाचित्रांत वावराची कोणतीही खूण दिसून येत नाही. हरकत असल्यास पंधरा तारखेपर्यंत पुराव्यासह नोंदवावी. त्या दिवशी तेरा तारीख होती.

सहादेवाने झाले ते क्रमाने सांगितले. यादी वाचून घेतल्यावर त्याने कोपरगावला पत्र लिहवून घेतले. उत्तर आले की हंगाम उठल्याशिवाय मुकादम कोणाला सोडत नाही, आणि तू तिथे आहेस, मग आम्ही कशाला यायला हवे. म्हणून तो कचेरीत गेला होता. तिथे त्याने सांगितले की मी तिथे असतो, रोज असतो, आणि याला पुरावा आहे.

"सायबाला म्हनलं, मास्तरनी माझा फोटू घेतलाय. येक न्हाई, अकरा. सायबानी समदे फोटू म्होरं मांडले." सहादेवाने घोंगडी खांद्यावर सारखी केली. "मी त्यात न्हाईच."

येमूलांनी नक्कल घडी करून परत दिली.

"मास्तर, खरं सांगा," सहादेव म्हणाला. "मी हाललो हुतो का?"

पुष्पावती रंगाची वाटी हातात धरून आतल्या दारात उभी होती. येमूलांनी तिच्याकडे पाहिले नाही. सहादेव तक्रार करायला आला नव्हता, हे त्यांच्या हळूहळू ध्यानात येत होते. तो चूक कबूल करायला आला होता. अकरांपैकी कोणत्या तरी घरापुढे आपला पाय हलला असेल, आणि त्यामुळे बारा घरांची जागा गेली, असे तो कोपरगावहून परतणाऱ्या माणसांना सांगणार होता.

"नाही," येमूल म्हणाले. "तुम्ही हलला नव्हता."

मग त्यांनी त्याला स्टुलावर बसवले आणि काय केले ते सांगितले. पेन्सिल दाखवली, सुरी दाखवली. सहादेवाने सुरीच्या पात्यावरून अंगठा फिरवून पाहिला. एवढ्याशा पात्याने एवढा मोठा माणूस जातो याचे त्याला नवल वाटले असावे. त्याने विचारले की आणायचा म्हटले तर परत आणता येतो का. येमूल म्हणाले, थोडा येतो.

त्या दिवशी सहादेव त्यांच्याकडेच जेवला आणि राहिला. पुष्पावतीने नवऱ्याला घरच्या तेलुगूत एवढेच सांगितले की कचेरीत जाताना टर्पेंटाइनची बाटली उभी धरा, मागच्या वेळी धोतरावर सांडली होती.

साहेबांचे नाव केसकर. ते सावेडीहून स्कूटरवर येत आणि आल्याबरोबर टेबलावरच्या वस्तू एका रेषेत लावीत. येमूलांचे म्हणणे त्यांनी मध्ये न बोलता ऐकले.

"येमूल, तुमची कीर्ती मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "माझ्या सासऱ्यांना सासूबाईंच्या शेजारी तुम्हीच बसवलंत. ते वारल्यावर. आज तुम्ही म्हणता फोटोत एक माणूस होता. उद्या म्हणाल हत्ती होता, आणि तोही दाखवाल."

"मी काही घालणार नाही, साहेब. मी घातलेलं पुसणार आहे. तुमच्यासमोर."

यावर केसकरांना नियम आठवेना. त्यांनी कातोरेंना काचांची पेटी आणायला सांगितले.

येमूलांनी पहिली काच टेबलावर ठेवली, बोळा टर्पेंटाइनमध्ये भिजवला आणि कडेचा भाग गोल गोल पुसला. पेन्सिलीचा राखाडी रंग बोळ्यावर आला. केसकरांनी काच उजेडात धरली. त्यांना तिथे निवळ जागेखेरीज काही दिसले नाही. येमूलांनी ही अडचण आधीच गृहीत धरली होती. जुन्या पद्धतीचा उन्हात छापायचा थोडा कागद त्यांच्याजवळ शिल्लक होता. काच आणि कागद चौकटीत दाबून त्यांनी चौकट कचेरीच्या अंगणात उन्हात टेकवली. आत अंधारात जाण्याचे कारण नव्हते. साहेब, कातोरे, सहादेव आणि हाताशी काम नसलेले आणखी सहा-सात जण चौकटीभोवती उभे राहिले. बघता बघता कागद तांबूस झाला आणि त्यावर घर येऊ लागले. मग कडेला माणूस आला.

तो सबंध नव्हता. भुवयांच्या वरपासून डोके नव्हते. गळ्याखाली धड नव्हते. मातीच्या भिंतीवर एक चेहरा, त्याच्या खाली पोटाशी धरलेले दोन हात आणि बाजूला कोणाच्याही खांद्याचा आधार नसलेली एक घोंगडी, एवढेच होते. पण चेहरा स्वच्छ होता. समोर उभ्या असलेल्या माणसाचा तो आहे, हे सांगायला कोणाची गरज नव्हती.

कातोरेंनी विचारले की बाकीचा कुठे आहे.

"पांढरं होतं ते," येमूल म्हणाले. "ते खरवडलंय."

"पागोटं बी गेलं," सहादेव म्हणाला. त्याला त्याचे वाईट वाटलेले दिसले.

दुपारपर्यंत अकरा कागद छापून झाले. केसकरांनी ते टेबलावर ओळीने मांडले, सहादेवाला समोर उभे केले आणि अकरा वेळा कागदाकडे व अकरा वेळा त्याच्याकडे पाहिले. अकरा घरांपाशी इसम आहे, असे ते म्हणाले. माणूस असू नये ही अट त्यांनीच घातली होती, हे त्यांना आठवले. पण ती अट फोटो घेणाऱ्यासाठी होती, घरासाठी नव्हती, असा अर्थ त्यांनी काढला. मग त्यांनी बारावा फोटो पुढे ओढला.

"हे घर कोणाचं?"

"माझं," सहादेव म्हणाला.

"इथे तुम्ही नाही."

"आत हुतो, सायेब."

केसकरांनी येमूलांना सांगितले की हेही पुसा. येमूलांनी बारावी काच उचलली आणि तिरपी धरली. छपराच्या वरचा भाग सुरीने घासून मऊ झालेला दिसत होता. गेल्या रात्रीपर्यंत ते त्याला औषधाचा ओघळच समजत होते. सहादेव त्या वेळी घरात काय करीत होता, हे त्यांना त्याच्या पानावर भाकरी वाढली जात असताना आठवले होते.

"इथे पेन्सिल नाही. सुरी चाललीय. हे परत येणार नाही."

"काय होतं तिथे?"

"धूर."

"कशाचा?"

"चहाचा. मी प्यालो तो."

केसकरांनी टेबलावरचा टाक कागदपत्रांच्या रेषेत आणून ठेवला. तोंडी सांगणे पुरावा होत नाही, असे ते म्हणाले. लिहून दिल्यास विचार करता येईल. पण सरकारी कामाच्या छायाचित्रातून वावराची खूण आपण स्वतः नाहीशी केली, असे ज्याने लिहून दिले, त्याला पुढच्या हंगामाचे काम देता येणार नाही, हेही त्यांनी सांगितले. त्यांच्या स्वरात राग नव्हता. हे ते नियम वाचून दाखवावा तसे सांगत होते. नंतर, सहादेवाला बाहेर बसायला पाठवून, ते म्हणाले की अकरा घरे मिळताहेत. बारांतून अकरा म्हणजे कमी नाही. कातोरे मान खाली घालून पेटीतल्या काचा मोजत राहिले.

उघड्या दारातून येमूलांना व्हरांड्यातल्या बाकावर बसलेला सहादेव दिसत होता. तो भिंतीला पाठ न लावता बसला होता. अकरा घरांची जागा त्याच्या चेहऱ्याने मिळाली होती, आणि आपले घर राहून गेल्याचे त्याला काही वाटलेले दिसत नव्हते. बाकीच्या अकरा घरांच्या फळ्या ज्या घरात रचल्या होत्या, तेच घर ओसाड म्हणून यादीत राहणार होते. चैत्रात राहीबाई येईल, तेव्हा तो तिला काय सांगेल, याचा येमूलांनी अंदाज करून पाहिला. तो म्हणेल की मी आत होतो, आणि एवढ्यावर विषय संपेल.

येमूलांनी कातोरेंकडे कागद मागितला. त्यांचे अक्षर चांगले होते. फोटोच्या मागे नावे आणि तारखा लिहून ते तसे झाले होते. त्यांनी लिहिले:

'मी, राधाकृष्ण येमूल, राहणार तोफखाना, लिहून देतो की, दरेवस्ती येथील घर क्रमांक बाराचे छायाचित्र मी घेतले, त्या वेळी सदर घरात चूल पेटलेली होती व छपरातून धूर निघत होता. सदर धूर मी औषधाचा डाग समजून सुरीने खरवडला. सदर चुलीवर झालेला चहा मी स्वतः सदर घराच्या ओट्यावर बसून प्यालो. चहात गूळ होता. दूध नव्हते. घर क्रमांक एक ते अकरा येथील इसमही मीच नाहीसा केला. तो प्रत्येक ठिकाणी माझ्या सांगण्यावरून उभा होता.'

खाली सही केली. केसकरांनी कागद दोनदा वाचला. दूध नव्हते, हे वाक्य अनावश्यक आहे, असे त्यांनी सुचवले. येमूल म्हणाले की नव्हते म्हणून लिहिले. केसकरांनी ते राहू दिले. मग त्यांनी यादी ओढली, लाल शाईने बारा ठिकाणी 'ओसाड' हा शब्द खोडला आणि शेऱ्याच्या रकान्यात आपल्या हाताने लिहिले: 'घर क्र. १ ते ११: इसम. घर क्र. १२: चहा. वहिवाट मान्य.'

बाहेर आल्यावर येमूलांनी सहादेवाला सांगितले की बाराही घरे मिळाली. सहादेवाने हात जोडले; ते कचेरीच्या दाराकडे जोडले की येमूलांकडे, हे कळण्यासारखे नव्हते. पाथर्डीची गाडी सुटायला अवकाश होता. तो म्हणाला की त्या अकरांतला एखादा कागद मला मिळेल का. येमूलांनी सांगितले की ते कचेरीचे झाले, पण सातव्या घराचा एक जादा छापलाय. तो त्यांनी पिशवीतून काढून दिला.

सहादेवाने फोटो बराच वेळ पाहिला आणि परत केला.

"ह्याच्यावर पागोटं येवढं घालता का?" तो म्हणाला. "बिनपागोट्याचं मला आमच्यात कुनी वळखायचं न्हाई. राहीबाई तर न्हाईच."

येमूलांना हे काम नाकारावेसे वाटले. सकाळपासून त्यांनी कशावर काही घातले नव्हते आणि त्याची त्यांना एक प्रकारची सवय होऊ लागली होती. पण त्या दिवशी पागोटे डोक्यावर होते. स्टुडिओत येऊन त्यांनी पुष्पावतीकडून पांढऱ्या रंगाची वाटी आणि सगळ्यांत बारीक कुंचला मागून घेतला. ती म्हणाली की धोतरही घाला, माणूस अर्धा कशाला पाठवता. सहादेव म्हणाला की धोतराचे काही नाही.

पागोट्याचा शेमला कोणत्या बाजूला होता ते येमूलांना आठवेना. त्यांनी विचारले. सहादेवालाही सांगता येईना; पागोटे आपले हातच बांधतात, असे तो म्हणाला. मग त्याने स्टुलावर बसून डोक्यावरचे पागोटे सोडले, झटकले आणि कोणाकडे न पाहता पुन्हा बांधले. शेमला डाव्या कानामागे आला.

"हलू नका," येमूल म्हणाले.

कॅमेरा कपाटात होता. सहादेवाने दोन्ही हात पोटाशी धरले आणि येमूलांचा कुंचला थांबेपर्यंत तो तसाच बसून राहिला.